जुन्या मल्टिइफेक्टमधले पॅच वारंवार उडतात: सेल, अडॅप्टर की रॅम?

गिटारच्या आवाजावर रिव्हर्ब, कोरस असे परिणाम चढवणारं मल्टिइफेक्ट यंत्र चालू केलं की पॅचच्या, म्हणजे आपण साठवलेल्या आवाजांच्या सेटिंगच्या, नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतात. कधी सगळ्या बँका (पॅचचे गट) कारखान्यातल्या मूळ आवाजांवर गेलेल्या असतात, कधी दोन-तीनच पॅच बिघडतात आणि बाकीचे शाबूत असतात. पुन्हा सेट करून सेव्ह केलं तरी काही दिवसांनी तेच. अशा वेळी पहिला सुचणारा उपाय म्हणजे फॅक्टरी रिसेट, आणि नेमका तोच सगळ्यात शेवटी करायचा असतो. रिसेटने मेमरीत जे काही वाचलं असेल तेही पुसलं जातं आणि बिघाड होता तिथेच राहतो.

काय जातं आणि काय राहतं

१९८० च्या दशकाच्या शेवटी आणि ९० च्या दशकात आलेल्या बऱ्याच यंत्रांची आतली मांडणी सारखी आहे. रोलँड जीपी-८, एडीए एमपी-१, अलेसिस क्वाड्राव्हर्ब ही त्याच पिढीतली. मूळ प्रोग्रॅम रॉममध्ये (वीज नसतानाही टिकणाऱ्या कायमच्या मेमरीत), आपले पॅच साध्या स्टॅटिक रॅममध्ये, आणि वीज बंद असताना त्या रॅमला जिवंत ठेवणारा ३ व्होल्टचा लिथियम बटण-सेल. बहुतेक ठिकाणी तो सीआर२०३२ असतो, म्हणजे २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी, क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास.

ज्या गोष्टीसाठी ही यंत्रं लोक अजून जपून ठेवतात, म्हणजे त्या काळच्या रिव्हर्बचं किंचित खडबडीत शेपूट किंवा कोरसचा तो ओळखीचा दाट थर, ती रॉममधल्या प्रोग्रॅममध्ये आणि कन्व्हर्टरमध्ये आहे. सेल मेल्याने ती जात नाही. जातात ते तुमचे पॅच, आणि त्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नसते. म्हणून या दुरुस्तीत आधी पॅच वाचवायचे आणि मग यंत्राकडे वळायचं.

यंत्र उघडल्यावर एखाद्या आयसीवर कागदी किंवा चंदेरी स्टिकर दिसला तर तो सोलू नका. त्याखाली काचेची खिडकी असण्याची शक्यता असते. ती ईप्रॉम, म्हणजे प्रोग्रॅम साठवणारी रॉम असते, आणि अतिनील प्रकाशाने तिच्यातला मजकूर पुसला जातो.

नंतरच्या पिढीत, उदाहरणार्थ यूएसबीवरून फर्मवेअर घेणाऱ्या पॉड एक्सटीसारख्या यंत्रांत, सेलशिवाय माहिती धरून ठेवणारी फ्लॅश मेमरी आली. तिथे पॅच उडाले तर सेल शोधत बसू नका. अर्धवट राहिलेलं अपडेट किंवा कमजोर अडॅप्टर ही कारणं आधी तपासा.

आधी निदान, मग पेचकस

एका पॅचला सहज ओळखता येईल असं नाव द्या आणि सेव्ह करा. यंत्र बंद करून अडॅप्टर काढा, दहा सेकंदांनी परत लावा. मग दहा मिनिटांनी. मग रात्रभर ठेवून. ही तीन उत्तरं बरंच काही सांगतात.

दहा सेकंदांत आणि दहा मिनिटांत ठीक, पण रात्रभरात उडालं तर सेल संपत आलेला आहे. दहा सेकंदांतच उडालं तर सेल पूर्ण मेलेला आहे, किंवा सेलपासून रॅमपर्यंतचा मार्ग कुठेतरी तुटलेला आहे. बाकी सगळं शाबूत राहून फक्त बंद करताना निवडलेला पॅच बिघडत असेल, तर सेलवर संशय घेण्याचं कारण नाही. वीज जाताना रॅममध्ये चुकीचं लिहिलं जातंय. वाजवता वाजवता यंत्र मध्येच स्वतः पुन्हा सुरू होत असेल तर थेट अडॅप्टरच्या भागाकडे जा.

आणि एकच पॅच दर वेळी जुन्या रूपात परतत असेल तर तो बहुधा सेव्हच झालेला नाही. नॉब फिरवल्यावर होणारा बदल तात्पुरत्या जागेत असतो. राइट किंवा स्टोअर करून नंबर निवडून पुन्हा दाबल्याशिवाय तो रॅममध्ये जात नाही. काही यंत्रांत मेमरीत लिहिणं रोखणारी मेमरी प्रोटेक्टची सोय असते, तीही पाहून घ्या.

सेलचं व्होल्टेज मोजताना एक फसगत होते. लिथियम सेल जवळजवळ शेवटपर्यंत २.९ च्या आसपास दाखवत राहतो, कारण मल्टिमीटर त्याच्याकडून काहीच प्रवाह मागत नाही. म्हणून मल्टिमीटरच्या टोकांवर १० किलोओहमचा रेझिस्टर समांतर धरून पाच सेकंद मोजा. त्यात सेलमधून साधारण ०.३ मिलिअँपिअर प्रवाह जातो. एवढ्यानेही तो २.७ व्होल्टच्या खाली बसत असेल तर बदला. हे करताना यंत्र चालू ठेवा, म्हणजे रॅम मुख्य विजेवर असते आणि उरलेले पॅच धोक्यात येत नाहीत. मात्र भिंतीतून थेट वीज घेणारं रॅक यंत्र चालू स्थितीत उघडून हात घालू नये. एमपी-१ सारख्या ट्यूबवाल्या यंत्रात तर मुळीच नाही. तिथे डंप घ्या, म्हणजे पॅच संगणकावर उतरवून घ्या (कृती पुढे आहे), आणि न मोजता सेल बदला. सेल स्वस्त असतो.

पॅच बाहेर काढणं

यंत्राला मिडी, म्हणजे वाद्ययंत्रांमध्ये डेटा पाठवायची जोडणी, असेल तर बल्क डंप (सगळे पॅच एकदम पाठवणं) हा राजमार्ग आहे. यंत्राचा मिडी आउट इंटरफेसच्या मिडी इनला जोडा. स्वस्त यूएसबी-मिडी केबलींवर इन आणि आउट कुठल्या बाजूने लिहिलंय यावरून नेहमी गोंधळ होतो. काहीच येत नसेल तर आधी दोन्ही टोकं अदलाबदल करून पाहा. संगणकावर विंडोजसाठी मिडी-ऑक्स, मॅकसाठी सिसेक्स लायब्ररियन पुरेसं आहे. त्या काळी यंत्रासोबत मिळालेले एडिटर आजच्या संगणकावर सहसा चालत नाहीत, आणि त्यांची गरजही नाही. सिस्टिम एक्सक्लुझिव्ह (सिसेक्स) डेटा, म्हणजे त्या यंत्राचा खास मिडी मजकूर, जसाच्या तसा साठवला की झालं.

आधी संगणकाला ऐकायला लावा, मग यंत्राच्या युटिलिटी मेनूतून डंप सुरू करा. मिडीचा वेग ३१,२५० बिट प्रति सेकंद, आणि एका बाइटला सुरुवातीचा व शेवटचा धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट. ८ किलोबाइटची रॅम बहुतेक वेळा प्रत्येक बाइटचे दोन तुकडे करून पाठवली जाते, त्यामुळे डंपला साधारण सव्वापाच सेकंद लागतात. एका सेकंदात संपला तर एकच पॅच आलाय असं समजा.

डंप दोनदा घ्या आणि दोन्ही फाइलींचा आकार व मजकूर ताडून पाहा. प्रत्येक संदेश एफ० ने सुरू होऊन एफ७ ने संपायला हवा. एफ० च्या लगेच पुढचा आकडा कंपनीचा असतो (हे सगळे आकडे हेक्साडेसिमल): रोलँड-बॉससाठी ४१, कॉर्गसाठी ४२, यामाहासाठी ४३. दोन फाइलींत फरक आढळला तर बहुतेक वेळा इंटरफेसचा बफर अपुरा पडलेला असतो. लांबलचक संदेश गिळताना स्वस्त केबली मधले बाइट सांडतात, आणि ते पडद्यावर कुठेच कळत नाही. इंटरफेस बदला, सेटिंगशी खेळण्यात वेळ घालवू नका.

खरी परीक्षा सेल काढण्याच्या आधी. यंत्रातल्या एका पॅचचं नाव मुद्दाम बदला, डंप परत यंत्राकडे पाठवा, आणि जुनं नाव परत आलं का ते बघा. पाठवताना मेमरी प्रोटेक्ट बंद हवं, डिव्हाइस आयडी किंवा मिडी चॅनेल डंप घेतानाचंच हवं, आणि दोन संदेशांमध्ये १०० ते २०० मिलिसेकंदांची उसंत द्यायला हवी. जुन्या प्रोसेसरला प्रत्येक तुकडा रॅममध्ये उतरवायला वेळ लागतो. पडद्यावर चेकसमची (डेटा नीट पोचला का ते तपासणाऱ्या आकड्याची) तक्रार आली तर ही उसंत वाढवा. रोलँडच्या पद्धतीत पत्ता, डेटा आणि चेकसम यांच्या बेरजेचे खालचे सात बिट शून्य यावे लागतात, त्यामुळे एक बाइट हरवला तरी तो संदेश सहसा नाकारला जातो. हे चांगलंच आहे. चुकीचा पॅच गुपचूप बसण्यापेक्षा नकार बरा.

डंपसोबत जागतिक (ग्लोबल), म्हणजे सगळ्या पॅचना सारखीच लागू होणारी, सेटिंग जातातच असं नाही. आउटपुट कुठे जोडलाय त्याची निवड, स्पीकर सिम्युलेटर (अँपच्या स्पीकरची नक्कल) चालू की बंद, इनपुट पातळी, नॉइज गेटची (हळू आवाज आणि खरखर कापणाऱ्या सोयीची) सर्वसाधारण मर्यादा, मिडी चॅनेल, एक्स्प्रेशन पेडलचं कॅलिब्रेशन: या पानांचे फोनवर फोटो काढून ठेवा. झूम ५०५ सारख्या मिडी नसलेल्या पेडलवर तर प्रत्येक पॅचच्या प्रत्येक पॅरामीटरचे फोटो हाच मार्ग. कंटाळवाणं काम आहे, पण एका बैठकीत संपतं.

सेल बदलणं

लागणारं सामान: टोकांना पत्र्याच्या पट्ट्या जोडलेला सीआर२०३२, किंवा साधा सेल आणि त्याचा होल्डर; सोल्डर सकर; ६०/४० सोल्डर; ३३० ते ३५० अंशांवर चालणारं सोल्डरिंग आयर्न; बारीक कटर. सेलवर थेट सोल्डर कधीही लावू नका. उष्णतेने आतला पडदा वितळतो आणि सेल फुटू शकतो. मूळच्या पट्ट्या कारखान्यात स्पॉट वेल्डिंगने लावलेल्या असतात. एलआयआर२०३२ हा दिसायला तसाच, पण रिचार्ज होणारा सेल आहे. भरल्यावर तो ४.२ व्होल्टवर जातो आणि या सर्किटमध्ये त्याला चार्ज करणारं काहीच नसतं. तो वापरायचा नाही.

अडॅप्टर किंवा वायर काढून काही मिनिटं थांबा. बोर्ड बाहेर घेताना डिस्प्लेची चपटी रिबन तिरकी ओढू नका. तिचे कनेक्टर वयाने ठिसूळ झालेले असतात.

जुना सेल काढताना दोन्ही पाय एकदम गरम करून सेल उपटायचा मोह होतो, आणि बोर्डाचे पॅड निघतात ते तिथेच. आधी कटरने पट्ट्या सेलजवळ कापा. सेल बाजूला ठेवा. मग उरलेला एकेक पाय वेगळा काढा. धन बाजू सहज सुटते. ऋण बाजू मोठ्या ग्राउंडच्या तांब्याला जोडलेली असल्याने उष्णता पसरते; तिथे आधी थोडं ताजं सोल्डर घाला, पुरतं वितळू द्या, मग सकर लावा. तपकिरी फिनॉलिक बोर्ड असेल तर एका वेळी तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न टेकवू नका.

होल्डरचे पाय मूळ भोकांत बसतीलच असं नाही. ओढाताण करण्यापेक्षा ५ ते ८ सेंटिमीटरच्या दोन पातळ वायर सोडा आणि होल्डर दुहेरी चिकट फोमने मोकळ्या जागी बसवा. ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटरच्या हीटसिंकपासून दूर, आणि झाकण लावल्यावर पत्र्याला टेकणार नाही असा. पायाखाली तुडवल्या जाणाऱ्या पेडलमध्ये होल्डरमुळे संपर्क तुटेल अशी भीती असते, पण वाजवताना रॅम मुख्य विजेवर असते. संपर्क तुटल्याचा खरा धोका बंद पेडल पिशवीत घालून नेताना असतो. होल्डरच्या टोकांवर १ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला तर काही मिलिसेकंदांचा धक्का पचतो. इलेक्ट्रोलायटिक लावू नका, त्याची गळतीच रॅमच्या गरजेपेक्षा जास्त असू शकते.

डंप शक्य नसेल आणि पॅच वाचवायचेच असतील तर बदली काळात रॅमला बाहेरून वीज देता येते. दोन पेन्सिल सेल सिरीजमध्ये, त्यांच्या धन टोकाला १एन४१४८ डायोड, आणि दोन बारीक क्लिप. ६२६४ आणि ६२२५६ या २८ पायांच्या रॅममध्ये २८ नंबरची पिन धन आणि १४ नंबरची ग्राउंड. क्लिप लावून मगच जुना सेल कापा. सोल्डरिंग आयर्न गरम करून मुख्य विजेपासून काढा आणि मग टेकवा, म्हणजे आयर्नमधून झिरपणारी वीज रॅमपर्यंत जात नाही. क्लिप घसरून शेजारच्या पिनला लागली तर मात्र सगळं गेलं, म्हणून मिडी असलेल्या यंत्रावर हे धाडस करू नये.

सेल नवा, तरी पॅच उडतात

वीज पूर्ण काढून रॅमच्या २८ नंबरच्या पिनवर व्होल्टेज मोजा. सेल ३ व्होल्टचा असेल तर इथे साधारण २.५ ते २.८ दिसायला हवेत. मधला डायोड थोडं खातो. इतक्या कमी प्रवाहात सिलिकॉन डायोडवरचा उतार ०.६ नसून ०.४ च्या आसपास असतो. या रॅमना माहिती धरून ठेवायला किमान २ व्होल्ट लागतात. पिनवर शून्य असेल तर डायोड, सिरीजमधला रेझिस्टर किंवा बोर्डावरची तुटलेली रेघ. जुना सेल पाझरलेला असेल तर रेघ वरून हिरवट दिसते आणि आत खाल्लेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून भिंगाखाली पाहा.

व्होल्टेज आहे, पण सेल काही आठवड्यांतच संपतो, असं असेल तर गळती मोजा. सेलच्या एका वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि यंत्र बंद ठेवून त्यावरचा उतार मोजा. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. २ मायक्रोअँपिअरच्या खेचीवर २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल कागदावर बारा वर्षांहून जास्त जातो. महिन्यात संपत असेल तर सुमारे ३०० मायक्रोअँपिअर कुठेतरी वाहताहेत. पहिला संशयित म्हणजे मुख्य ५ व्होल्ट आणि रॅम यांच्यामधला डायोड: तो उलट दिशेने गळू लागला की सेल सगळ्या बोर्डाला वीज पुरवायचा प्रयत्न करत राहतो. दुसरा संशयित म्हणजे शेजारच्या इलेक्ट्रोलायटिकमधून सांडलेला द्रव. तिसरा, आपलाच: पुसायचा राहिलेला फ्लक्स.

व्होल्टेज ठीक, गळती नाही, तरी एखादाच पॅच बिघडतो? मग रिसेटच्या भागाकडे पाहा. ५ व्होल्टची वीज उतरायला लागली की साधारण ४.२ ते ४.५ व्होल्टवर रिसेट आयसीने रॅमला कुलूप लावायचं असतं. ते उशिरा लागलं तर भांबावलेला प्रोसेसर त्या क्षणी निवडलेल्या पत्त्यावर काहीबाही लिहून जातो. यंत्र बंद असताना रॅमची २० नंबरची, म्हणजे चिप-निवडीची, पिन २८ नंबरच्या जवळपास व्होल्टेजवर असायला हवी. ६२६४ मध्ये त्याऐवजी २६ नंबरची पिन शून्याजवळ असली तरी चालतं. दोन्ही नसेल तर रॅम उघडीच आहे.

सेलची कटकटच नको म्हणून काही जण ६२२५६ च्या जागी एफएम१८०८ ही फेरोइलेक्ट्रिक रॅम बसवतात. पाय जुळतात, पण ती चिप-निवडीची पिन प्रत्येक वाचनाला खाली-वर होण्याची अपेक्षा ठेवते. ज्या बोर्डावर ती पिन सलग खाली राहते तिथे यंत्र सुरूच होत नाही. सर्किट आकृती हातात असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

अडॅप्टर आणि वाळलेले कपॅसिटर

जुन्या यंत्रांतला अर्धा गोंधळ इथला असतो. डिजिटेकच्या आरपी मालिकेतली बरीच पेडलं ९ व्होल्ट एसी मागतात, बॉस जीटी-८ ला १४ व्होल्ट एसी लागतात, आणि झूम ५०५ ला मध्यभाग ऋण असलेले ९ व्होल्ट डीसी. एसी मागणाऱ्या यंत्राला डीसी दिले तर दिवे लागू शकतात, पण ऋण बाजूचा पुरवठा तयार न झाल्याने आवाज येत नाही किंवा फाटका येतो. उलट, डीसी यंत्राला एसी दिले तर काहीतरी जळतं.

योग्य अडॅप्टर असूनही यंत्र मध्येच रिसेट होत असेल तर मुख्य फिल्टर कपॅसिटर पाहा. ९ व्होल्ट एसीचं शिखर १२.७ व्होल्ट, डायोडच्या ब्रिजमध्ये १.४ गेले की ११.३ उरतात. यंत्र अर्धा अँपिअर खेचत असेल आणि कपॅसिटर २,२०० मायक्रोफॅरडचा असेल तर ५० हर्ट्झच्या विजेवर सुमारे २.३ व्होल्टची लहर पडते, म्हणजे तळ ९ व्होल्टवर. ५ व्होल्ट देणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरला किमान ७ लागतात, त्यामुळे सगळं ठीक. आता तोच कपॅसिटर वाळून निम्म्यावर आला की लहर साडेचार व्होल्ट होते आणि तळ ६.८ वर येतो. मल्टिमीटरवर सरासरी मात्र नऊच्या आसपासच दिसते, म्हणून हा दोष नजरेतून सुटतो. फुगलेला नसला तरी तो बदला: तितकीच किंवा थोडी जास्त क्षमता, व्होल्टेज मूळच्या इतकं किंवा एक पायरी वर, १०५ अंशांचा, आणि ध्रुव तपासून.

पॅच परतले, आवाज मात्र तो नाही

बाहेरून वीज देऊन रॅम जिवंत ठेवली नसेल तर सेल बदलल्यावर तिच्यात कचरा असतो, म्हणून आता फॅक्टरी रिसेट करायचा. बटणांची जोडी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, ती माहितीपुस्तिकेतूनच घ्या. मग डंप परत पाठवायचा. यानंतर आवाज कर्कश, मधमाश्या घोंगावल्यासारखा वाटला तर पॅचला दोष देऊ नका. रिसेटने स्पीकर सिम्युलेटर बंद झालेला असतो किंवा आउटपुटची निवड अँपवर गेलेली असते. आवाज दबका आणि चिखलासारखा वाटला तर उलट: यंत्र अँपला जोडलंय आणि सिम्युलेटर चालू आहे. वाह पेडल अर्ध्यातच थांबत असेल तर कॅलिब्रेशन पुन्हा करा, आधी टाच, मग चवडा. नोटच्या शेपट्या अचानक तुटत असतील तर नॉइज गेटची जागतिक मर्यादा फोटोतल्या आकड्यावर आणा.

झाकण लावण्यापूर्वी पुन्हा एकदा रात्रभराची चाचणी घ्या, नवा डंप काढून संगणकाशिवाय आणखी एका ठिकाणी ठेवा, आणि सेल बदलल्याचा महिना व वर्ष कागदी चिकटपट्टीवर लिहून खालच्या पत्र्याला आतून चिकटवा.